परक्यांच्या ओंजळीने
मुंबईचे बेने इस्राएल आणि यहुदी राष्ट्राचा प्रश्न

महालक्ष्मीकडून वरळीस नित्य जाणारा मनुष्य डॉ. ई. मोझेस यांच्या नावाच्या रस्त्याने जातो. परंतु हे मोझेस कोण, असा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उद्भवतो. डॉ. एलाइजा मोझेस हे 1937-38 साली मुंबईचे महापौर होते आणि ते कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजाचे होते. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील यहुद्यांचे नागरिकत्व हिरावून घेतल्यास दोनच वर्षे झाली असता मुंबईने एका यहुदी गृहस्थास आपले प्रथम नागरिक म्हणून निवडले, ही गोष्ट या शहरास भूषणावह आहे यात शंका नाही.

याच सुमारास जगापुढे एक मोठा प्रश्न उभा होता. यहुद्यांस स्वतःचे राष्ट्र असावे काय, आणि असल्यास ते कोणाच्या बळावर उभारावे? या प्रश्नावर आजही आपल्याकडे दिवाणखान्यात आणि सभेच्या व्यासपीठावर सारख्याच आवेशाने बोलले जाते. कोणी एक बाजू घेतो, कोणी दुसरी. परंतु आपल्याच शेजारी राहणाऱ्या यहुद्यांस या बाबतीत काय वाटत आले, हे विचारण्याचे फारसे कोणास सुचत नाही. त्यांचे म्हणणे ऐकल्यास या प्रश्नाची एक निराळीच बाजू दृष्टीस पडते, असे आम्हांस वाटते. आणि तीच वाचकांपुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. त्यांनी तेलाचे घाणे चालविले; शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. किहीम, दिवे, पेण या गावांवरून त्यांस किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे पडली. अठराव्या शतकात ते कंपनी सरकारच्या पलटणीतून आणि नोकरीच्या निमित्ताने मुंबईस येऊ लागले. समाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने 1796 साली मांडवीच्या बाजूस पहिले प्रार्थनामंदिर बांधले. समाजाच्या बोलीत ते ‘जुनी मशीद’. रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. पुढे भायखळा, सात रस्ता असा समाज उत्तरेकडे सरकत गेला, तशा नव्या मशिदी उठल्या. हजान हिब्रूत प्रार्थना म्हणत असे आणि घरी आजी नातवंडांस मराठीत गोष्टी सांगत असे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 साली छापली गेली, आणि बायबलातील आख्यानांवर या लोकांनी मराठीत कीर्तनेही रचली.

त्यांच्या सणांच्या नावांतही हा दुहेरी संस्कार दिसतो. यरुशलेमचे मंदिर परचक्रात उद्ध्वस्त झाले, त्या शोकदिनास जगातील यहुदी त्याच्या हिब्रू तिथीने ओळखतात. कोकणातील यहुद्यांनी त्यास ‘बिरड्याचा रोजा’ म्हटले, कारण त्या दिवसाशी वालाच्या बिरड्याचे जेवण जोडलेले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वियोगाची आठवण अशा रीतीने कोकणच्या वालाबरोबर रुजली होती. यावरून दोन गोष्टी निघतात. एक ही की, यरुशलेमची ओढ या समाजास कोणा युरोपियन प्रचारकाने शिकविलेली नव्हती. ती त्याच्या घरात होतीच. दुसरी ही की, ती ओढ असल्यामुळे येथील माती त्यास परकी वाटत होती असेही नाही.

मग परत जाण्याची कल्पना ते कशी करीत? याचे उत्तर मलिद्याच्या विधीत सापडते. लग्न, नवस अथवा अन्य मंगल प्रसंगी भिजविलेले पोहे, गूळ आणि खोबरे यांचा मलिदा करून, त्याभोवती फळे मांडून, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्तवन करतात. यहुदी श्रद्धेप्रमाणे हा संदेष्टा तारणहाराच्या आगमनाची वार्ता घेऊन येणार आहे, आणि विखुरलेल्या इस्राएलास त्यानंतरच आपली भूमी परत मिळावयाची आहे. अर्थात् परत जाण्याचा दिवस देवाने ठरवावयाचा आणि वाटही देवानेच दाखवावयाची. मनुष्याने धर्म पाळावा, स्मरण ठेवावे आणि वाट पाहावी, एवढेच त्याचे कर्तव्य.

ही श्रद्धा केवळ विधीपुरती नव्हती. तिची कसोटी 1897 साली लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये थिओडोर हर्झल यांनी स्वित्झर्लंडातील बाझल येथे पहिली झायनवादी परिषद भरविली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएल समाजासही आले होते. समाजाने ते स्वीकारले नाही. इस्राएलाचे पुनरागमन देवाच्या हाताने व्हावयाचे आहे आणि आम्ही त्या हाताची वाट पाहत आहो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

हर्झल यांचा मार्ग याच्या नेमका उलट होता. राष्ट्रांच्या मान्यतेने आणि उघड सनदेने यहुद्यांस भूमी मिळवून द्यावी, ही त्यांची कल्पना. तदर्थ ते 1898 साली जर्मन बादशहास भेटले, 1901 साली तुर्की सुलतानास भेटले, आणि 1903 साली इंग्रज सरकारने पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली तेव्हा तीही त्यांनी परिषदेपुढे ठेवली. युरोपात, विशेषतः रशियात, यहुद्यांवर जे अत्याचार चालले होते ते पाहता हर्झल यांची घाई समजण्यासारखी आहे. मुंबईकरांस तशी घाई नव्हती, कारण येथे त्यांच्या दारावर कोणी दगड मारीत नव्हते. ज्यास घरी पाणी मिळते तो दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहत नाही. तथापि त्यांचा नकार निव्वळ सुखवस्तूपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे दोन हजार वर्षांची एक पूर्ण धर्मदृष्टी होती.

येथे इतिहासाचा एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी 1875 साली शाळा काढणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला तो याच 1897 साली. ते हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. अखेर 1937 साली ते छापले गेले ते तेल अवीव येथे, आणि छापविणारे होते डॉ. इमॅन्युएल ओल्स्वांगर. हिंदी पुढाऱ्यांचा पाठिंबा मिळविण्याकरिता झायनवादी चळवळीने 1936 साली इकडे पाठविलेले दूत ते हेच. ज्या समाजाने चळवळीस नकार दिला, त्याचा इतिहास त्या चळवळीच्याच दूताने जगापुढे आणला.

पुढे 1917 साल उजाडले. 2 नोव्हेंबर रोजी इंग्रज परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांस पत्र लिहून पॅलेस्टाइनमध्ये यहुद्यांच्या राष्ट्रीय गृहास आपल्या सरकारची सहानुभूती कळविली. या घोषणेस मंत्रिमंडळात कडाडून विरोध करणारे गृहस्थ स्वतः यहुदी होते आणि ते आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. ते म्हणजे भारतमंत्री एडविन माँटेग्यू. 20 ऑगस्ट 1917 रोजी हिंदुस्थानास जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन देणाऱ्या माँटेग्यूंनी त्याच महिन्यात आपल्या सहकाऱ्यांपुढे एक टिपण ठेवले होते. यहुद्यांचा देश पॅलेस्टाइन असे एकदा ठरले की इतर प्रत्येक देशात यहुद्यास परका लेखले जाईल, ही त्यांची भीती होती. त्यांचे कोणी ऐकले नाही. घोषणा झाली तेव्हा ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते, आणि त्याच नोव्हेंबरात ते मुंबईस उतरले.

इंग्रजांनी दुसऱ्याची भूमी तिसऱ्यास देऊ केली, हे आपण सहज म्हणतो. परंतु ती भूमी तुर्कांकडून जिंकणाऱ्या फौजेत हिंदी शिपाई थोडे नव्हते. 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा शहर घेतले ते जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाने. स्वतः परतंत्र असलेल्या लोकांच्या हातांनी दुसऱ्या एका लोकसमूहाचे भवितव्य ठरावे, आणि या दोघांसही त्यात विचारले जाऊ नये, हीच साम्राज्याची रीत होती.

महायुद्धानंतर मुंबईतच या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. खिलाफतीच्या चळवळीची मध्यवर्ती समिती 1919 साली मुंबईत स्थापन झाली आणि भायखळ्याचे खिलाफत हाऊस तिचे ठाणे बनले. अरबस्तान व पॅलेस्टाइन यांवर बिगर-मुसलमानी सत्ता असू नये ही त्या चळवळीची मागणी होती, आणि काँग्रेस तिच्या पाठीशी उभी होती. इकडे 1920 साली मुंबईत झायनवादी मंडळ निघाले, आणि 1921 साली इस्राएल कोहेन नावाचे गृहस्थ विलायतेहून पॅलेस्टाइनच्या निधीकरिता वर्गणी गोळा करावयास आले. मंडळाचा कारभार बहुतांशी बगदादी यहुद्यांच्या हाती होता. 1832 साली आलेल्या डेव्हिड ससून यांच्या वैभवाने हा लहानसा समाज पुढे आला होता; कोकणातील आपल्या धर्मबांधवांस मात्र तो बरोबरीचे मानीत नसे. 1836 साली यहुद्यांच्या दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालून मिळावी, असा अर्ज बगदादी मंडळींनी सरकारकडे केला होता. वाचकांनी ही भिंत ध्यानात ठेवावी. पुढे तिची आठवण करावी लागणार आहे.

बेने इस्राएल मंडळी या सर्व काळात जपून वागत होती. त्यांच्या पुष्कळ वस्त्या मुसलमान मोहल्ल्यांस लागून होत्या आणि शेजारधर्म चांगला होता. त्यांच्यातील सुशिक्षितांचे मन येथील राजकारणातही गुंतले होते. 1916 साली लोकमान्य टिळकांवरील खटल्यात बॅ. जिनांच्या जोडीस डेव्हिड एरुळकर हे वकील होते. त्याच घराण्यातील डॉ. अब्राहम एरुळकर यांची गणना गांधीजींची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टरांत होते. जर्मनीतून पळून आलेल्या यहुदी डॉक्टरांस येथे व्यवसाय करता यावा म्हणूनही त्यांनीच खटपट केली. अशा मनुष्यांस ‘तुमचा देश कोणता’ असे कोणी विचारले असते, तर त्यांस उत्तर शोधीत बसावे लागले नसते.

आता गांधीजींच्या मताकडे वळू. 26 नोव्हेंबर 1938 च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी यहुद्यांच्या प्रश्नावर लेख लिहिला. यहुद्यांविषयी आपणांस पूर्ण सहानुभूती आहे. परंतु पॅलेस्टाइन हा अरबांचा देश असून तेथे यहुद्यांनी इंग्रजांच्या बंदुकीच्या आश्रयाने शिरणे योग्य नव्हे, अरबांची सदिच्छा मिळवूनच त्यांनी तेथे वसावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बायबलातील पॅलेस्टाइन हा भूमीचा तुकडा नसून ते अंतःकरणात वसते, असेही त्यांनी सुचविले. पुढे 21 जुलै 1946 च्या अंकात त्यांनी हाच मुद्दा अधिक कठोरपणे मांडला: अमेरिकेचा पैसा, इंग्रजांची शस्त्रे आणि शेवटी दहशतवाद यांच्या साह्याने स्वतःस त्या भूमीवर लादणे ही यहुद्यांची मोठी चूक होय.

गांधीजींचे हे मत आणि मुंबईच्या वडीलधाऱ्यांचे 1897 चे उत्तर यांत एक विलक्षण साम्य आहे. दोघांसही परक्या सत्तेचा हात नको आहे. एकाने त्या जागी देवाचा हात मागितला, दुसऱ्याने शेजाऱ्याचा.

परंतु एवढ्यावर न्यायनिवाडा करून मोकळे होता येत नाही. गांधीजींनी त्याच लेखात जर्मनीतील यहुद्यांस सत्याग्रहाचा उपदेश केला होता. त्यावर तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी 1939 साली यरुशलेमहून उत्तर लिहिले. ज्याचा साक्षीदारच कोणी उरू दिला जात नाही, त्याचे आत्मबलिदान कोणाचे हृदय पालटणार, असा त्या उत्तराचा रोख होता. त्याच वर्षी इंग्रज सरकारने पॅलेस्टाइनमध्ये पाच वर्षांत 75,000 यहुद्यांसच प्रवेश देण्याचे ठरविले. इतर राष्ट्रांचीही दारे जवळजवळ बंद होती. पुढील सहा वर्षांत युरोपात सुमारे 60 लाख यहुदी मारले गेले. ज्यास कोठेच पाणी मिळत नाही त्याने ओंजळ कोणाची आहे याचा विचार करावा, असे सांगण्याचा अधिकार तृप्त मनुष्यास कितपत आहे? वाट पाहण्याचा धर्म मुंबईत पाळता आला. वॉर्सात तो पाळणारे वाट पाहतच मेले. देवाच्या हाताची वाट पाहणाऱ्या श्रद्धेस या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते सोपे नाही.

गांधीजींच्या नेमके विरुद्ध मत दादरहून प्रकट झाले. 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने 33 विरुद्ध 13 मतांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संमत केला. 10 राष्ट्रे तटस्थ राहिली. हिंदुस्थानने ठरावाविरुद्ध मत दिले. फाळणीऐवजी एक संघराज्य असावे, ही त्याची भूमिका होती. स्वातंत्र्यवीर सावरकर तेव्हा शिवाजी पार्कजवळ सावरकर सदनात राहत असत. 19 डिसेंबर 1947 रोजी त्यांनी पत्रक काढून यहुदी राज्याच्या मान्यतेचे स्वागत केले आणि आपल्या सरकारच्या मतदानाचा निषेध केला. न्यायाने पाहता सबंध पॅलेस्टाइनच यहुद्यांस मिळावयास हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. 1923 च्या ‘हिंदुत्व’ ग्रंथातही त्यांनी झायनवाद्यांच्या स्वप्नाविषयी आनंद व्यक्त केला होता. त्याचबरोबर 1938 साली, जर्मनीतून यहुद्यांस घालविले जात असता, राष्ट्र बहुसंख्यांचे असते या सिद्धांताकरिता त्यांनी तेच उदाहरण वापरले होते, हेही विसरता येत नाही. म्हणजे त्यांचा पाठिंबा यहुदी मनुष्याविषयीच्या कळवळ्यापेक्षा राष्ट्राच्या एका सिद्धांतातून आलेला होता. त्या सिद्धांतात पितृभू आणि पुण्यभू एकच असावी लागते. मग पितरांची हाडे कोकणात आणि पुण्यभूमी यरुशलेमात असलेल्या किहीमकर-दिवेकरांनी काय करावे? माँटेग्यूंची भीती ती हीच.

14 मे 1948 रोजी इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांस मुकले. गांधीजींनी ज्या सदिच्छेविषयी लिहिले होते ती न मिळविता राष्ट्र उभे राहिले, आणि त्याची किंमत दोन्ही लोकसमूह आजतागायत मोजीत आहेत. भारत सरकारने 17 सप्टेंबर 1950 रोजी इस्राएलास मान्यता दिली आणि 1953 साली मुंबईत त्याचे वाणिज्य दूतावास-कार्यालय उघडले. पूर्ण राजनैतिक संबंध जुळावयास मात्र 1992 चा जानेवारी उजाडावा लागला.

आणि मुंबईचे बेने इस्राएल? सुमारे 20,000 चा हा समाज हळूहळू निघाला. त्यांस कोणी हुसकले नव्हते. कोणास धर्माची ओढ होती, कोणास इंग्रज गेल्यावर रेल्वे-कस्टमच्या नोकऱ्यांची चिंता होती, कोणी आधी गेलेल्या भावाबहिणींमागे गेले. एका पिढीपूर्वी देवाच्या हाताची वाट पाहणाऱ्या घरांतील तरुणांस, तो हात हाच असावा, असेही वाटले असेल. पण तेथे पोहोचल्यावर काहींस काळे म्हणून हिणविले गेले, हलकी कामे वाट्यास आली. त्यांनी सत्याग्रह आरंभिला, हा मार्ग कोठून शिकले हे सांगावयास नको, आणि 1952 साली काही कुटुंबे हट्टाने मुंबईस परत आली. त्यांतील पुष्कळ पुढे पुन्हा गेली. 1962 साली मुख्य रब्बींनी अशा सूचना काढल्या की, बेने इस्राएल वधूवराचा इतर यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी व्हावी. दफनभूमीतील भिंत जणू यरुशलेमात पुन्हा उभी राहिली! बेने इस्राएलांनी रस्त्यावर बसून विरोध केला. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांस सर्व बाबतींत पूर्ण यहुदी मानावे असे ठरविले, आणि रब्बींस आपल्या सूचनांतून त्यांचे नाव काढावे लागले.

या साऱ्या हकीकतीतून आम्हांस जे दिसते ते असे. परक्यांच्या ओंजळीने तहान भागू शकते, आणि मरणाच्या दारी असलेल्यास ती नाकारा म्हणणे निर्दयपणाचे आहे. परंतु त्या ओंजळीत दोन गोष्टी कधीच येत नाहीत: शेजाऱ्याची संमती आणि भावाचे प्रेम. बाल्फोरचे पत्र अरबांची संमती देऊ शकले नाही. राष्ट्रसंघाचा ठराव बेने इस्राएलांस त्यांच्याच भावांच्या पंक्तीत पाट देऊ शकला नाही. तो पाट त्यांस स्वतः मिळवावा लागला. शेजाऱ्याची संमती अद्याप मिळावयाची आहे, आणि ती कोणा तिसऱ्याच्या पैशाने वा शस्त्राने मिळेल अशी चिन्हे नाहीत.

2011 च्या जनगणनेत सबंध भारतात 4,650 यहुदी उरले होते. 2016 साली महाराष्ट्र शासनाने त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे इस्राएलात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. इकडे मुंबईत अजून मलिद्याचे ताट मांडले जाते आणि एलियाहू हन्नबीचे स्तवन होते. राष्ट्र तर स्थापन झाले, मग ही वाट पाहणे आता कशासाठी, असे कोणी विचारील. यहुदी श्रद्धेप्रमाणे तो संदेष्टा येईल तेव्हा बापाचे मन मुलांकडे आणि मुलांचे मन बापाकडे वळवील. असे कार्य कोणत्याही दरबारच्या सनदेने अजून झालेले नाही. 1897 साली मुंबईच्या त्या वडीलधाऱ्यांनी जे उत्तर दिले त्यात भाबडेपणा किती आणि शहाणपण किती, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मते त्यात शहाणपण अगदीच थोडे नव्हते.